कुठल्या पेपरचे?

हातात जरा बरा कॅमेरा घेऊन पुण्याच्या मंडईत उभं राहिलं, की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, "कुठल्या पेपरचे?" या प्रश्नात संशय नसतो, उलट थोडा आदरच असतो. पेपरचा माणूस म्हणजे रस्त्यात उगाच उभं राहायला सबळ कारण असलेला माणूस. "पेपरचा नाही" म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, "मग चॅनेलचे का?" इथे आदर एक पायरी वर चढलेला असतो, कारण विचारणाऱ्याने एव्हाना केसांवरून हात फिरवलेला असतो. "चॅनेलचाही नाही" असं कळलं की आदर जागच्या जागी मावळतो आणि तिसरा प्रश्न येतो, "मग कशाला काढताय?"

या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण फ्लॉवरच्या ढिगाशेजारी उभं राहून देण्यासारखं नाही. "तुमच्या गाळ्यावर तिरपं ऊन आलंय आणि त्या उन्हात तुमच्या हाताची सावली बरोबर तराजूच्या पारड्यात पडलीय," असं एखाद्या भाजीवाल्याला सांगून पाहा. तो आधी पारड्याकडे बघेल आणि मग, वजनमापवाला समजून, तुमच्याकडे.

"छंद आहे" हे उत्तर तर अजिबात देऊ नये. छंद म्हणजे शाळेच्या सुट्टीत लावायची गोष्ट. केस पिकलेल्या माणसाने भर दुपारी छंद असल्याचं जाहीर केलं, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. एका केळीवाल्या मावशींनी मला फार प्रेमाने विचारलं होतं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

खरी अडचण अशी, की रस्त्यावर फोटो काढणारा माणूस कशाचे फोटो काढतो हे कोणालाच, बहुधा त्यालाही, नीट सांगता येत नाही. लग्नाच्या फोटोग्राफरला लग्न असतं. पेपरच्या फोटोग्राफरला मोर्चा, अपघात, उद्घाटन, पुराचं पाणी असं काहीतरी घडलेलं लागतं. आमचा माणूस काहीच घडत नसताना उभा असतो आणि काही घडायला लागलं, म्हणजे दोन रिक्षावाले भांडायला लागले, की तिथून निघून जातो, कारण मग सगळे तिकडेच बघायला लागतात आणि चेहऱ्यांवरची मजा जाते. अशा माणसाची हमी कोण घेणार? आणि हमी घेणारा कोणी असल्याशिवाय ओळखपत्र मिळत नाही.

पण रस्त्याला ओळखपत्राशिवाय माणूस चालत नाही. तुम्ही नाही आणलंत तर रस्ता स्वतः तुम्हाला एक तयार करून देतो, आणि ते जागेनुसार बदलतं.

सदाशिव पेठेत एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजासमोर कॅमेरा उचला. वरच्या खिडकीतून डोकं बाहेर येतं. "कोणाकडून आलात?" इथे दोनच पर्याय असतात, मालकाकडून किंवा बिल्डरकडून. भाडं आजोबांच्या काळातलं, खटला वडलांच्या काळातला, त्यामुळे वाड्याच्या लाकडाचा रंग उन्हात सुंदर दिसतो म्हणून कोणी फोटो काढत असेल, हे त्या खिडकीला पटणं शक्यच नसतं. "कोणाकडूनच नाही" म्हटलं की दुसरी खिडकी उघडते. मग तिसरी. एकदा अशाच एका वाड्यात भाडेकरू आणि मालकाचे पुतणे दोघंही खाली आले. दोघांचीही पक्की खात्री, की मी समोरच्या पार्टीचा. त्या निमित्ताने दोघं एकमेकांशी बरंच बोलले. चहा मात्र कोणी दिला नाही, पण ते पेठेत असल्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

फेरीवाल्यांच्या गल्लीत हाच माणूस अतिक्रमणवाला होतो. कॅमेरा डोळ्याला लावायचा अवकाश, टोकाची पोरं शीळ घालतात, ताडपत्र्या गुंडाळल्या जातात, टोपल्या दुकानांच्या पायऱ्यांखाली सरकतात आणि अर्ध्या मिनिटात रस्ता मूळ रुंदीचा दिसू लागतो. जे काम करायला एरवी ट्रक, जेसीबी आणि पोलीस बंदोबस्त लागतो, ते एका पन्नास मिलीमीटरच्या लेन्सने होतं. फोटो अर्थातच मिळत नाही. ज्याचा काढायचा तो बाजारच गेलेला असतो.

काचेच्या इमारतींच्या आयटी पार्कबाहेर ओळख आणखी गंभीर. तिथला सिक्युरिटीवाला वॉकीटॉकी तोंडाशी धरून येतो आणि अत्यंत नम्रपणे म्हणतो, "सर, डिलीट कीजिए." आपण फुटपाथवर, फुटपाथ सार्वजनिक, फोटो पलीकडच्या पाणीपुरीच्या गाडीचा, पण मागे काच आली, आणि काचेत म्हणे कंपनी आली. तो हे बोलत असताना गेटवरचे सगळे कॅमेरे आपल्याकडे मान वळवून असतात. ते आपले फोटो चोवीस तास काढतात. त्यांना कोणी विचारत नाही, की बाबांनो, कुठल्या पेपरचे?

गावाकडे, विशेषतः अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर, बांधावर कॅमेरा घेऊन उभं राहू नये. मला धुकं हवं होतं. पण शेतकरी लांबूनच धावत आला, "पंचनाम्याला आलात ना?" तेव्हा नुकसान झालं की ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागायचं, आणि त्याचा दुसरा दिवस संपत आलेला. मी कोण हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्याने माझा दंड धरून मला शेतात नेलंसुद्धा. हे बघा झोपलेला गहू, हे घ्या, इकडून घ्या, हा कोपरा राहिला. इथे विनोद सुचत नाही. मी त्याने दाखवलं ते सगळं काढलं आणि शेवटी खरं काय ते सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "असू द्या हो. व्हॉट्सॲपला टाका, आमचा लहाना पाठवतो पुढं." माझ्या कॅमेऱ्यातून निघालेले खरोखर कोणाच्या उपयोगाचे फोटो तेवढेच असावेत. कलात्मकदृष्ट्या अगदी सामान्य आहेत. फोकस मात्र चांगला आहे, कारण तो दर फोटोनंतर स्क्रीनवर बघून "गव्हाची ओंबी दिसती का नाय" हे तपासत होता.

तर अशा सगळ्या अनुभवांनंतर आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी तो विचार येतोच, की आपल्याकडे एक प्रेसचं कार्ड असायला हवं.

प्रेस ही महाराष्ट्रात अतिशय मुबलक चीज आहे. कुठल्याही सिग्नलला थांबून पाहा. मोपेडच्या हेडलाइटवर लाल अक्षरात प्रेस. पाण्याचे जार वाहणाऱ्या टेम्पोच्या काचेवर प्रेस. एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मी "प्रेस" आणि "आईचा आशीर्वाद" एकाखाली एक वाचलं आहे, आणि दोहोंपैकी जास्त संरक्षण कोणतं देतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गाडीवर प्रेस लिहिलं की मोटार वाहन कायद्यात काही सूट मिळते, असं अजिबात नाही. नंबरप्लेटवर तर नंबराशिवाय काहीच लिहायचं नाही, असा नियम आहे. चेन्नईच्या वाहतूक पोलिसांनी २०२४च्या मे महिन्यात खासगी गाड्यांवरचे 'प्रेस', 'पोलीस' वगैरे स्टिकर काढायची मोहीमच घेतली होती. आपल्याकडे तशी मोहीम निघाली तर पहिल्याच दिवशी दुचाक्यांच्या पुढच्या बाजू इतक्या उजाड दिसतील, की मालकांना पार्किंगमध्ये आपली गाडी ओळखू येणार नाही.

कार्ड मिळवणं त्याहून सोपं. कधी दिवाळीला, कधी मालकाच्या वाढदिवसाला निघणारी कितीतरी साप्ताहिकं आपल्याकडे आहेत. अंक निघो न निघो, त्यांची कार्डं नियमित निघतात. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त तलाठ्यांनी असं एक कार्ड घेतलं. थोडी वर्गणी, दोन पासपोर्ट फोटो, एवढ्यावर ते "विशेष प्रतिनिधी तथा छायाचित्र संपादक" झाले. कार्डावर वर मध्यभागी सिंहमुद्रेसारखं काहीतरी आहे. नीट पाहिलं तर ते सिंह नसून तीन बैल आहेत. मागच्या बाजूला, "सदर व्यक्तीस सर्व शासकीय, निमशासकीय अधिकाऱ्यांनी सहकार्य करावे" अशी सर्वांना सूचना. त्याखाली, "सदर व्यक्तीने कार्डाचा गैरवापर केल्यास संपादक जबाबदार नाहीत." ही दोन वाक्यं एकाच कार्डावर, एकाच टायपात आहेत. पहिलं वाक्य तलाठी साहेब मोठ्याने वाचून दाखवतात.

आणि खरं कार्ड? तेही आहे. त्याला अधिस्वीकृती पत्रिका म्हणतात आणि राज्यात ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते. त्यासाठी विभागवार समित्या, वर राज्याची समिती, अर्ज, अनुभवाचे दाखले, छापून आलेल्या कामाची कात्रणं, असं सगळं रीतसर असतं. दिल्लीत हेच काम पत्र सूचना कार्यालय करतं. तिथल्या २०२२च्या नियमांप्रमाणे नोकरीतल्या पत्रकाराला पाच वर्षांचा अनुभव पुरतो, मुक्त पत्रकाराला पंधरा वर्षांचा लागतो. म्हणजे कोणाच्या तरी पगारावर नसलेल्या माणसाचा भरवसा यायला सरकारला तिप्पट वेळ लागतो. माझ्या सासऱ्यांचंही मत साधारण हेच होतं.

त्याच नियमांत एक कलम आहे, जे मला फार आवडलं. अधिस्वीकृती मिळालेल्या पत्रकाराने "भारत सरकारची अधिस्वीकृती असलेला" हे शब्द व्हिजिटिंग कार्डावर, लेटरहेडवर किंवा समाजमाध्यमांवर मिरवायचे नाहीत. मला हे वाचून त्या पाण्याच्या जारवाल्या टेम्पोची आठवण झाली. ज्याच्याकडे खरं आहे त्याला मिरवायला बंदी, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या काचेवर ते रेडियममध्ये चमकतंय.

शिवाय हे खरं कार्ड आमच्या काही कामाचं नाही. त्याने मंत्रालयात प्रवेश मिळतो, सरकारी कार्यक्रमांत बसायला जागा मिळते, एसटीत सवलत मिळते. मंडईत उभं राहून वांग्यांचा फोटो काढायला ते लागत नाही, कारण मुळात काहीच लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावरून समोर दिसतं त्याचा फोटो काढायला परवाना हवा, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. कोणाच्या खासगी क्षणात डोकावलात तर गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. लष्कराची आणि तशीच इतर प्रतिबंधित ठिकाणं १९२३च्या शासकीय गुपितं कायद्याखाली येतात. तिथे कॅमेरा काढूच नये. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये साधा कॅमेरा चालतो, पण ट्रायपॉड लावायचा तर वेगळी परवानगी. शनिवारवाड्यात हातात धरून काढलेला फोटो म्हणजे पर्यटन, आणि तोच कॅमेरा तीन पायांवर उभा केला की ते शूटिंग.

हे सगळं पाठ असलं तरी चौकात त्याचा उपयोग शून्य. चौकातला संवाद असा होतो:

"परमिशन आहे का?"

"कशाची, साहेब?"

"ते तुम्ही सांगा."

"साहेब, रस्त्यावर फोटो काढायला परमिशन लागत नाही."

"लागत नाही, तसं लेखी आहे का तुमच्याकडे?"

यावर माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी कायद्याच्या पुस्तकातली पानं झेरॉक्स करून बॅगेत ठेवली होती. हवालदारांनी ती शांतपणे पूर्ण वाचली, घडी घातली, परत दिली आणि म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे. पण इथून नका काढू." मला त्यांचा हेवा वाटला. एवढ्या कमी शब्दांत भारतीय राज्यव्यवस्था समजावून सांगणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

परदेशात तरी बरं असेल, असं वाटत असेल तर तसंही नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं पत्रकारांना पास देण्याचं काम पोलीस खातंच करत होतं, म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याकडूनच नजरेचं लायसन घ्यायचं. २०२२पासून ते महापौरांच्या कार्यालयाकडे गेलं. लंडनमध्ये २००३ साली शस्त्रांच्या प्रदर्शनाबाहेर पेनी क्विंटन या पत्रकार बाईंना पोलिसांनी अडवलं. त्यांनी प्रेस कार्ड दाखवलं, तरी झडती झाली आणि चित्रण थांबवायला सांगितलं गेलं. प्रकरण थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि २०१०मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सात वर्षं. आमच्या वाड्यातल्या खटल्यापुढे हे काहीच नाही म्हणा.

कार्ड बाळगण्यातली खरी पंचाईत मात्र पोलिसांशी संबंधित नाहीच. कार्ड दाखवलं, की काढण्यासारखं काही उरत नाही. मी एकदा एका पेपरातल्या मित्राबरोबर हिंडलो. त्याने कार्ड गळ्यात अडकवलं होतं. ज्या गल्लीत माझ्यासमोर ताडपत्र्या गुंडाळल्या जात, त्याच गल्लीत त्याच्यासमोर टोमॅटोचे मनोरे रचले गेले. माणसं ताठ झाली. शेजारच्या गाळ्यावरची दोन मुलं आणि एक पुढारी आपोआप चौकटीत आले. पुढाऱ्याने एक कोबी हातात घेतला आणि भाजीवाल्याला तो प्रदान केला. मित्राने सराईतपणे फोटो काढला, नावं डावीकडून उजवीकडे लिहून घेतली आणि म्हणाला, "बघ, एका मिनिटात काम." काम झालं होतं हे खरं. पण आमच्या माणसाला हवी असते ती त्याआधीची मावशी, जी कोणाचं लक्ष नसताना मिरच्यांवर पाणी मारत एकटीच काहीतरी पुटपुटत होती. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ, जे गांधीजींच्या शेवटच्या दिवसांत दिल्लीत होते, आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागावर काळी पट्टी चिकटवायचे, का तर कोणाचं लक्ष जाऊ नये. ज्या धंद्यात दिसू नये म्हणून इतका आटापिटा, त्यात गळ्यात पिवळ्या पट्ट्याचं कार्ड लटकवून फिरायचं!

नंबरप्लेटवरून ओळखली गेलेली एक छायापत्रकार मात्र होऊन गेली, आणि त्या नंबरप्लेटवर प्रेस लिहिलेलं नव्हतं. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकल्या, सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. पुढे दिल्लीला गेल्या. जन्म १९१३चा, नवऱ्याची पहिली भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर मिळाला डीएलडी १३. त्यावरून त्यांनी टोपणनाव घेतलं, "डालडा १३". साडी नेसलेली बाई, खांद्यावर अवजड कॅमेरा. त्या सांगत, की लोक त्यांना गंभीरपणे घेतच नसत; बाई उगाच कॅमेरा मिरवते आहे असं समजून सोडून देत, आणि त्यामुळेच त्यांना हवं तिथे जाता येई. २०११मध्ये सरकारने पद्मविभूषण दिला, तेव्हा त्यांनी कॅमेरा खाली ठेवून चाळीस वर्षं होऊन गेली होती. कोणीही गंभीरपणे न घेणं ही आमच्या धंद्यातली सर्वोच्च अधिस्वीकृती आहे, आणि त्या बाबतीत मी त्यांच्या बरोबरीचा आहे. फक्त फोटोंचा तेवढा फरक पडतो.

अर्थात कधी कधी दिसावंच लागतं. पुण्यात गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर उभं राहायचं तर जगाचे दोन भाग असतात, दोराच्या आत आणि दोराच्या बाहेर. बाहेर धक्के, आत ढोलताशे. बाहेर समोरच्याचं डोकं, आत मानाचे गणपती. दोर धरून उभी असलेली कॉलेजची पोरं आपण काही बोलायच्या आत "काका, मागं" म्हणतात. आत जायला लागतो बिल्ला, पट्टा, पास, काहीही. आणि इथे मी केलेलं एक निरीक्षण तरुणांच्या उपयोगी पडेल. गळ्यातलं कार्ड नेहमी उलटं लटकतं. नाडीला पीळ पडतो आणि कार्डाची नावाची बाजू छातीला चिकटते. खरं असो, खोटं असो, मंत्रालयाचं असो की तीन बैलांचं, जगाला दिसते ती कोरी मागची बाजू. तरी पोरं दोर वर उचलतात. गेली काही वर्षं आमचे एक स्नेही "मोफत मधुमेह तपासणी शिबिर, रुग्ण" असं छापलेलं कार्ड घालून दोराच्या आत फिरतात. त्यांचं ते कार्ड एकदाच कोणीतरी सरळ करून वाचलं. वाचणारा कार्यकर्ता गंभीर झाला, त्याने त्यांना मंडपातली खुर्ची दिली आणि प्रसादाचा पेढा मुद्दाम दिला नाही.

वारीत मात्र यातलं काही चालत नाही, आणि लागतही नाही. दिवे घाटाच्या वळणावर पालखीच्या दिवशी इतके फोटोग्राफर असतात, की प्रत्येकाच्या फोटोत दुसऱ्याची कोपरं येतात. पण वारकऱ्यांना तुमच्या कार्डाशी कर्तव्य नसतं. "माऊली, बाजूला व्हा," एवढंच. पेपरवाला माऊली, चॅनेलवाला माऊली, बंदोबस्ताचा पोलीस माऊली, चुकून दिंडीत घुसलेली गाय माऊली. तिथे चौकशी होते ती वेगळीच: "माऊली, आमचा फोटो काढला, तो देणार कधी?" यासारखा न्याय्य आणि यासारखा अवघड प्रश्न मला कोणत्याही पोलिसाने विचारलेला नाही. मग नंबर घ्यायचा. तो पुतण्याचा निघतो. पुतण्याला फोटो गेला की तो लिहितो, "आपण कोण?" आणि आपण पुन्हा तिथेच.

या सगळ्या काळात मोबाइल नावाच्या कॅमेऱ्याला कोणी काही विचारत नाही, हे मला फार खुपतं. भर चौकात माणसं एकमेकांच्या तोंडासमोर मोबाइल धरून "व्हायरल करतो बघ" म्हणत चित्रण करतात, आणि मी दहा फुटांवरून कॅमेरा नुसता पुसायला काढला तरी सगळे माझ्याकडे वळतात. संशय लेन्सच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, असं माझं अनुभवसिद्ध मत आहे. "इथून नका काढू" म्हणणाऱ्या हवालदार साहेबांनी पाचच मिनिटांनी तिथूनच सेल्फी काढला. छान आला असणार, ऊन उत्तम होतं.

राहता राहिला एक प्रकार, ज्याच्याकडे सगळं रीतसर आहे. गेटवे ऑफ इंडियासमोरचे फोटोग्राफर. गळ्यात ओळखपत्र, हातात नमुन्याचे फोटो, खांद्याला कॅमेरा आणि पिशवीत प्रिंटर. सगळ्या मुंबईत रस्त्यावर उभं राहून फोटो काढतो आणि त्याबद्दल कोणीही काहीही विचारत नाही, असा माणूस इथेच सापडतो. मी कबुतरांच्या मागे लागलो होतो, तेवढ्यात त्यातले एक माझ्याजवळ आले. माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे.

"काका, इथं धंदा करता का?"

"नाही हो. असेच काढतो, स्वतःसाठी."

"विकत नाही?"

"नाही."

"पेपरात?"

"नाही."

मी तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत होतो. पण ते व्यावसायिक होते. त्यांनी समोरच्या गिऱ्हाईकाचं मोजमाप पूर्ण केलं होतं. "मग तुमचा एक काढतो," ते म्हणाले. "मागं ताज, बाजूला गेटवे. लगेच प्रिंट." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी मला खांद्याला धरून योग्य जागी उभं केलं होतं, ऊन माझ्या डाव्या गालावर येईल असं. जागा खरोखर चांगली निवडली होती. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि जरा नाराजीने म्हणाले, "तो कॅमेरा काढून ठेवा ना काका गळ्यातनं. फोटोत बरा दिसत नाही."